शिळं पाणी

पाइप हातातून सोडायचा नाही, हा त्या घरातला एकुलता एक नियम होता. बाकी बाबतीत बाबांचा कारभार अगदी ढिला. दूध उतू गेलं, मागचं दार रात्रभर सताड उघडं राहिलं, कुणी किल्ली हरवून आलं, तरी 'असू दे गं' यापुढे त्यांची गाडी कधी गेली नाही. पण मागच्या अंगणात टाकी भरताना कुणी पाइप काठाला अडकवून पाऊलभर जरी बाजूला सरकलं, तरी हा एरवीचा गरीब माणूस असा कडाडायचा की शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून विचारायच्या, "काय हो, साप निघाला का?"

कारण सरळ होतं. माशांना शिळं पाणी लागतं. नळाचं ताजं पाणी माणसाला चालतं, पण त्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं. म्हणून बाबा आदल्या दिवशीच कोपऱ्यातल्या पिंपात पाणी भरून उघडं ठेवत आणि दुसऱ्या दिवशी ते बादलीनं टाकीत ओतत. उन्हाच्या दिवसांत मात्र टाकीतलं पाणी इतकं आटायचं की पिंप पुरं पडायचं नाही, आणि मग नळाला पाइप लावून वरून थोडी भर घालावी लागायची. थोडी चालते. पाइप हातात असेपर्यंत ती थोडीच राहते. पाइप काठावर ठेवून माणूस आत गेला, की त्याला कुणीतरी हाक मारतं, काहीतरी आठवतं, चहाला उकळी येते, आणि तो परत येतो तेव्हा टाकी भरून वाहत असते, पाणी कधी नव्हे इतकं नितळ असतं आणि त्यावर पांढरी पोटं तरंगत असतात. मोठे मासे पाळणारा प्रत्येक जण ही चूक आयुष्यात एकदा करतोच, असं बाबा म्हणायचे. "मी केलीय. आता या घराचा वाटा संपला."

टाक्या मुळात गुरांच्या. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या, गोल, कमरेइतक्या उंच, गोठ्यातली सगळी जनावरं एका वेळी माना घालून पाणी पितील एवढ्या ऐसपैस. बाबांची पाठ गेली आणि गुरं विकावी लागली तेव्हा टाक्याही जायच्या होत्या, पण नेणाऱ्याच्या गाडीत जागा उरली नाही आणि त्या गोठ्यामागे उपड्या पडून राहिल्या. पुढे शोभेचे मासे विकणारा एक ओळखीचा माणूस, ज्याला बाबा 'जाळीवाला' म्हणत, दुकानाची जागा बदलताना आपले हातहातभर लांबीचे कोई मासे घेऊन आला आणि म्हणाला, "मालक, सोय होईतोवर ठेवा." तो 'तोवर' काही संपला नाही. बाबांनी टाक्या सरळ केल्या, वर हिरवी जाळी ताणली, हवेचा पंप बसवला, आणि ज्या अंगणात पूर्वी हंबरणं ऐकू यायचं तिथं आता दिवसभर फक्त बुडबुडे फुटत राहिले.

पत्र्याच्या टाकीला काच नसते. हे मासे बघायचे ते वरूनच. त्यांच्या पाठी, पाठीवरचे शेंदरी, काळे, दुधाळ डाग, आणि पाण्यात सावकाश वळणाऱ्या मिशा. सगळ्यांत मोठा होता तो पांढरा, आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असल्यामुळे त्याचं नाव हेडमास्तर पडलं होतं. उन्हं कलली की बाबा डाव्या हातात खाण्याचा मग घेऊन मागच्या दाराची पायरी उतरायचे आणि मोठ्या टाकीच्या एका ठरलेल्या जागी उभे राहायचे. फार पूर्वी एका लाथाळ गायीनं तिथं लाथ मारून पत्र्याला पोचा पाडला होता. त्या पोच्यात बाबांचा गुडघा अगदी मापानं बसायचा. मग उजव्या हातातल्या अंगठीनं ते काठावर वाजवायचे, टण् टण्, आणि हेडमास्तराच्या मागे सगळा वर्ग तोंडं उघडून पोच्यापाशी हजर व्हायचा. कधीकधी तर अंगठी वाजायच्या आधीच, बाबांचं पाऊल पायरीवर पडताच, पाण्याखालची सगळी डोकी तिकडे वळलेली असायची.

लेक त्यांच्यामागे उभी राहून बघायची. तिला घरात 'दचकी' म्हणत. नाव दादानं ठेवलेलं, आणि खोटं नव्हतं. कुकरची शिट्टी, दाराची घंटा, मागून आलेली हाक, काहीही झालं तरी तिच्या काळजात लक्कन व्हायचं आणि हातातली वस्तू खाली पडायची. कॉलेज चांगल्या गुणांनी झालं, नोकरीही लागली, पण टेबलावरचा फोन वाजला की ती अशी उडायची की शेजारच्या टेबलावरचे लोक मुद्दाम फोन लावायला लागले. तिनं नोकरी सोडली. "असू दे गं," बाबा म्हणाले, "जगात दचकणारंही कुणीतरी पाहिजे. सगळेच धीट झाले तर चोरांना काम सोपं होईल." ती एकाच ठिकाणी दचकायची नाही. ती टणटण ऐकून.

बाबा कोसळले तेही त्याच जागी, पोच्यात गुडघा टेकवून. हॉस्पिटलात त्यांच्या नाकात, हातात नळ्या घातल्या, बोटं सुजली म्हणून नर्सनं अंगठी काढून छोट्या पिशवीत तिच्या हातात दिली, आणि त्या सगळ्या गडबडीत त्यांनी मास्क बाजूला सारून विचारलं ते एवढंच,

"दचके, पाइप?"

"हातातच धरीन, बाबा."

"हेडमास्तराला सांग, मी येतोय."

आणि तिनं पाइप हातातच धरला, रोज, हात अवघडेपर्यंत, टाकीपासून तसूभरही न हलता. कारण तिच्या मनानं कुठंतरी असा हिशोब मांडून टाकला होता की हे मासे जोवर तरंगत नाहीत तोवर बाबांनाही काही होत नाही. असले हिशोब कुणाला सांगायचे नसतात, हे तिला कळत होतं. ती सांगत नव्हती, पाइप धरून उभी राहत होती.

एका दुपारी खिशातला फोन वाजला. ती दचकली. पाइप पाण्यात पडला. पलीकडून एक अनोळखी, घाईतला आवाज म्हणाला, "ताबडतोब या," आणि ती तशीच, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून, फाटक उघडं टाकून धावली.

डॉक्टर दाराशीच भेटले. घाम पुसत होते. "हृदय थांबलं होतं," ते म्हणाले. "आम्ही जवळजवळ सोडून दिलं होतं. पण आले परत. फार थोडे येतात." आत बाबा उशीला टेकून बसले होते. नळ्या निघाल्या होत्या, चेहऱ्यावर रंग होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, एखाद्या नव्या शिक्षकानं हजेरी घेताना पाहावं तसं, आणि मग हसून म्हणाले, "चल, घरी जाऊ." ती त्यांच्या हातावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. रडू ओसरल्यावर तोंड धुवायला बेसिनपाशी गेली, नळ सोडला, आणि पाण्याचा आवाज कानांवर पडताच तिला पाइप आठवला.

ती घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. फाटकापासून टाकीपर्यंत ती कशी गेली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. आठवत होतं ते एवढंच, की आपण डोळे मिटून काठ धरला होता आणि पोटं मोजावी लागतील म्हणून मनाची तयारी करत होतो.

डोळे उघडले तर पाणी काठाच्या वीतभर खाली, नेहमीसारखंच हिरवट. मासे धडधाकट. सगळे पोच्यापाशी गोळा होऊन, खाणं झाल्यावर उरलेली चव चोखतात तसं पाणी चोखत होते, आणि दोनचार दाणे अजून वर तरंगत होते. नळ बंद होता. पाइप खुंटीला टांगलेला होता, बाबा टांगायचे तसा, वेटोळी करून, टोक शेवटच्या वेटोळ्यातून ओढून घेऊन. टोकातून अजून पाणी ठिबकत होतं.

"मी नाही गं बाई," काकू म्हणाल्या, "मी दिवसभर बहिणीकडे. तूच केला असशील बंद. घाबरलेल्या माणसाला काय आठवतंय? परवा मी चष्मा डोळ्यावर ठेवून घरभर चष्मा शोधला."

ते पटण्यासारखं होतं. तिनं ते पटवून घेतलं.

बाबा घरी आले. दादा गावाहून येऊन दोन दिवस राहून गेला, आणि जाताना म्हणाला, "बघ, नवाकोरा होऊन आलाय आपला बाप. तू उगाच जीव टांगणीला लावून बसली होतीस." खोटं नव्हतं. बाबा खरंच नवेकोरे झाले होते. ताठ चालत, वेळेवर औषधं घेत, जेवलेलं ताट स्वतः धुऊन पालथं घालत. चहात साखर मागत. आणि दारं लावत. संध्याकाळ व्हायच्या आत मागच्या दाराला कडी घालत, ओढून बघत, आणि थोड्या वेळानं उठून पुन्हा ओढून बघत. एकदा तिच्या हातून दुधाचं पातेलं निसटलं आणि सगळं दूध जमिनीवर पसरलं. ती 'असू दे गं'ची वाट बघत तशीच उभी राहिली. बाबा फडकं घेऊन आले, गुडघे टेकून त्यांनी जमीन लख्ख पुसली आणि काही न बोलता आत गेले.

तिला ते आता दचकी म्हणत नसत. शाळेच्या दाखल्यावरच्या नावानं, पूर्ण, हाक मारत.

"मग बरंच झालं की!" दादा फोनवर हसला. "आयुष्यभर त्या नावानं रडलीस, आता नाही म्हणत तर त्यावरही रडतेस?"

"दादा, ते माशांकडे जात नाहीत."

"अगं, मरणाच्या दारातून आलेत. मासे बघायला वेळ आहे त्यांना."

जात नाहीत असं नाही. एकदा गेले होते. घरी आल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी तिनं मोठ्या हौसेनं त्यांच्या हातात मग दिला, "या ना, हेडमास्तर कधीचा वाट बघतोय," म्हणत त्यांना पायरीवरून उतरवलं. मासे वरच होते. बाबा टाकीपाशी आले, आणि त्यांची सावली पाण्यावर पडली मात्र, सगळ्या पाठी एकदम विझल्यासारख्या खाली गेल्या. पाणी नुसतं पाणी राहिलं. बाबांनी अंगठी नसलेली बोटं काठावर ठेवली, थोडा वेळ वाकून बघितलं, आणि "विसरले," एवढंच म्हणून खाण्याचा मग तिच्या हातात परत दिला. ते आत गेले. मागे कडी वाजली. ती दचकून वळली, आणि पुन्हा टाकीकडे बघते तो सगळे मासे वर आले होते. तिच्यापाशी नाही. ती या बाजूला होती. मासे पलीकडे पोच्यापाशी, तोंडं वर करून, एकमेकांच्या पाठीवरून घसरत, रिकाम्या जागेकडे बघत गोळा झाले होते.

मुक्या जिवांना सवय लागते, तिनं स्वतःला समजावलं. सवय सुटायला वेळ लागतो.

पण सवय सुटली नाही. रोज उन्हं कलली की बाबा आत टेबलापाशी चहा घेत बसलेले असत आणि बाहेर मासे पोच्यापाशी गर्दी करत. तिनं घातलेले दाणे तसेच तरंगत राहत, फुगत, दुसऱ्या दिवशी जाळीनं काढावे लागत. शेवटी तिनं खाणं घालणं बंदच केलं, बघू या म्हणून. हे 'बघू या' तिच्यासारखीला न परवडणारं होतं. ती रात्री उठून बसायची, भुकेनं तळमळणारे मासे डोळ्यांपुढे आणायची, सकाळी उठून आधी टाकीवर धावायची. मासे रोडावले नाहीत. हेडमास्तर तर उलट पाठीत रुंद झाला होता. आणि डब्यातलं खाणं, ज्याला तिनं हात लावला नव्हता, ते खाली खाली चाललं होतं.

तिला घरात बसवेना. या खोलीतून त्या खोलीत, खिडकीपाशी, पुन्हा दारापाशी. पुस्तक उघडायचं, मिटायचं. गॅस बंद आहे ना बघायचं, आणि बघितलं की नाही तेच आठवत नाही म्हणून पुन्हा बघायचं. बाबांच्या चपलांचा आवाज आला की तिचे खांदे वर जायचे. पूर्वी या घरात ती सगळ्या आवाजांना दचकायची आणि बाबांच्या आवाजानं शांत व्हायची. आता इतर सगळे आवाज निमूट झाले होते.

एका सकाळी काकूंनी भिंतीवरून हाक मारली. "काय गं, रागावलीस का माझ्यावर? काल संध्याकाळी एवढ्या हाका मारल्या, वळून बघितलं नाहीस."

"कधी, काकू?"

"माशांना खाणं घालत होतीस ना. पाठमोरी. आणि बाबांचा तो निळा सदरा कशाला घालतेस गं? उगाच त्यांच्यासारखी दिसतेस मागून."

काल संध्याकाळी ती दादाला पार्सल पाठवायला गेली होती. निळा सदरा हॉस्पिटलात नेताना बाबांच्या अंगावर होता. तो तिथंच कापून काढावा लागला होता. काकूंना सांगितलं असतं तर त्यांनी दादाला सांगितलं असतं, आणि दादानं डॉक्टरांना, आणि मग सगळ्यांनी मिळून तिच्याकडे तसं बघितलं असतं. ती फक्त म्हणाली, "ऐकू आलं नसेल, काकू."

त्याच दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "टाक्या काढून टाकू. घराला ओल येते."

"आणि मासे?"

"जाळीवाल्याचेच आहेत. घेऊन जाईल."

"बाबा, तुम्हीच म्हणायचात..."

"काय म्हणायचो?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं होतं, आणि ती सांगेल ते टिपून ठेवायला घास हातात धरून थांबले होते. तिनं मान हलवली. काही नाही.

जाळीवाला आला तो दणदणत. मोठा टब, निळी जाळी, आणि कपाळावर घाम. "काय मालक! यमाच्या हातावर तुरी देऊन आलात म्हणे! आता माझ्या माशांनाही हाकलताय. म्हटलं होतं ना, सोय होईतोवर. झाली हो सोय, इतक्या वर्षांनी!" तो एकटाच हसला. बाबा मागच्या दारात उभे होते, पायरीच्या वर.

"पाठलाग करून धरले तर खवले जातात बघा," जाळीवाला बाह्या सरसावत म्हणाला. "तुम्ही बोलवा, मी हळूच खालून टब सरकवतो. तुमच्या हाताला लेकरासारखे येतात. तुमचं ते होतं ना, टणटण."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नडायचं तिनं ठरवलं होतं, आणि नडणं म्हणजे फक्त गप्प राहणं होतं.

ते पायरी उतरले. पोच्यापाशी मासे दाटीनं वर आले होते. बाबा तिथं जाऊन उभे राहिले. गुडघा पोच्यात बसला नाही, थोडा वर लागला. त्यांनी बोटांच्या पेरांनी पत्र्यावर थाप मारली. आवाज बसका आला. मासे तळाला गेले, आणि तिथून हलले नाहीत. जाळीवाल्यानं जाळी फिरवून बघितली, दाणे टाकून बघितले, हेडमास्तराला लाडानं शिव्या देऊन बघितल्या. मग तो सरळ झाला आणि हसू आवरून म्हणाला, "औषधांचा वास येतो, मालक, आजारी माणसाच्या अंगाला. मासे फार तिखट नाकाचे. उद्या सकाळी येतो, भावाला घेऊन. टाकीच उपसू."

बाबा आत गेले. कडी वाजली. फाटकापाशी टब गाडीत चढवताना जाळीवाला थांबला.

"ताई, एक विचारू? मी आत शिरलो तेव्हा मालक टाकीपाशीच उभे होते ना? मी हात केला, त्यांनी हातातला मग वर केला. मग एवढ्यात घरातून कसे आले?"

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि घाईघाईनं म्हणाला, "ऊन हो, ऊन. माणूस येडा होतो," आणि गाडी सुरू केली.

उद्या सकाळी टाकी उपसली जाणार होती. अंगणात उभी असताना तिला पहिल्यांदाच ते स्वच्छ दिसलं, इतके दिवस ज्याच्याभोवती ती नुसती घिरट्या घालत होती. पोच्यापाशी जे कुणी येतं ते माशांसाठी येतं. मासे गेले, की त्याला यायला या जगात ठिकाण उरणार नाही. मग उरतील ते फक्त आत बसलेले, ताठ, नीटनेटके, तिला दाखल्यावरच्या नावानं हाक मारणारे. आणि तिला त्यांनाच बाबा म्हणावं लागेल, रोज, शेवटपर्यंत. किंवा मग ती वेडी असेल. तेही शक्य होतं. काकूंनी पाहिलेली पाठ तिचीच असेल, डब्यातलं खाणं तिनंच झोपेत घातलं असेल, त्या दिवशी नळही तिनंच बंद केला असेल. दोन्हींपैकी काय खरं ते कळायचा एकच रस्ता होता, आणि तो या घरात फक्त तिलाच माहीत होता.

दुपारी बाबा आडवे झाले होते तेव्हा तिनं मागच्या दाराची कडी काढली. नुसती सरकवली नाही. पेचकस घेऊन दोन्ही स्क्रू सोडवले आणि कडी कोयंड्यासकट पिठाच्या डब्यात पुरली. कपाटातून अंगठीची पिशवी काढली. उन्हं कलायला आली तेव्हा ती टाकीपाशी गेली. काठावर, पोच्याच्या बरोबर वर, तिनं अंगठी ठेवली. हेडमास्तर वर आला, काळ्या चष्म्यातून तिच्याकडे बघत राहिला. "माफ कर," ती त्याला म्हणाली, आणि पाइपचं टोक पाण्यात सोडून, नळ होता नव्हता तेवढा सगळा उघडून, मागे न बघता घरात आली. दार तिनं नुसतं ओढून घेतलं.

बाबा टेबलापाशी येऊन बसले होते. तिनं चहा केला, साखर घालून. दोन कप मांडले आणि त्यांच्यासमोर बसली. बाहेर पाणी पाण्यात पडत होतं, जाड, एकसुरी, भरभरून. खिडकी उघडी होती. न ऐकू येण्यासारखं काही नव्हतं.

बाबांनी एक घोट घेतला. "नळ चालू राहिलाय," ते म्हणाले.

"हो."

"पाणी वाया जातं."

"हो."

ती बघत होती. तिचे बाबा आत्तापर्यंत कप भिरकावून, अनवाणी, घर डोक्यावर घेत बाहेर धावले असते. समोरच्या माणसानं बिस्किट चहात बुडवलं आणि तुटायच्या आत नीट उचलून तोंडात घातलं. पाण्याचा आवाज बदलला. टाकी भरत आली होती, आणि आता ते काठावरून जमिनीवर सांडायला लागलं होतं. तिच्या डोळ्यांपुढे पांढरी पोटं येऊ लागली. एक. मग आणखी. तिनं टेबलाची कड घट्ट धरली, कारण पाय आपसूक उठू बघत होते. उठली असती तर मासे वाचले असते, आणि तिला कधीच काही कळलं नसतं. ती बसून राहिली. चहावर साय धरली. पाणी सांडत राहिलं. कुणी येत नव्हतं. मी मारले, तिच्या मनात आलं, माझ्या वेडापायी मी सगळ्यांना मारलं...

आणि नळ करकरला.

शेवटच्या आट्याला तो नेहमीच करकरायचा. पाण्याची धार बारीक झाली, तुटली, थांबली. मग ओल्या जमिनीवर पाइप ओढल्याचा आवाज, एक वेटोळं, दुसरं वेटोळं, आणि खुंटीचा हलका धक्का. मग काहीच नाही, बराच वेळ. आणि मग, स्वच्छ, पत्र्याच्या काठावर, धातूवर धातू,

टण् टण्.

ती दचकली नाही. समोरच्या माणसाच्या हातातला कप मात्र बशीवर असा आपटला की चहा टेबलभर पसरला. तो त्यानं पुसला नाही. त्याचे डोळे मागच्या दारावर खिळले होते, आणि ओठ पांढरे पडले होते.

"असू दे," ती म्हणाली.

पायरीवर ओलं पाऊल वाजलं.

"दाराला कडी आहे ना?" त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, आणि पहिल्यांदाच, घरी आल्यापासून पहिल्यांदाच, तिला त्या नावानं हाक मारली. "दचके, कडी आहे ना?"